वरचा फ्रीज, खालचा फ्रीज

माझ्या धाकट्या जावेकडे माझ्यापेक्षा मोठा फ्रीज असता तर मी तिच्यावर सुखानं जळले असते. शेजारणीची गाडी मोठी, वहिनीचे दागिने जास्त, असं काहीतरी कारण असलं की माणसाला जळायला बरं पडतं. आमच्याकडे तेवढीही सोय नव्हती. आमच्या दोघींचे फ्रीज एकाच दसऱ्याला, एकाच दुकानातून, एकाच टेम्पोत बसून आले. एकच रंग, एकच माप, एकच दार, आणि आत वरच्या अंगाला छोटासा फ्रीजर. सासूबाईंचा नियमच होता, जे वर तेच खाली. वर म्हणजे आम्ही, खाली म्हणजे धाकटा दीर आणि ती. वर मिक्सर आला की खाली मिक्सर, खाली कूलर आला की वर कूलर. जावाजावांत कुरबुर नको म्हणून त्या माउलीनं जन्मभर हे सांभाळलं. त्या गेल्या, पण नियम तसाच राहिला.

तर फ्रीज सारखेच. पण काही वर्षांनी कोणी दोन्ही मजल्यांवर फिरून बघितलं असतं, तर म्हणालं असतं की खालचा आत्ताच घेतलेला दिसतो आणि वरचा कोणी टाकून दिलेला उचलून आणलाय. माझ्या दाराचं रबर काळं पडलं होतं. फ्रीजरचं झाकण धड लागत नव्हतं. आत बर्फ असा जमायचा की हळूहळू फ्रीजरच नाहीसा होत जायचा. आधी बर्फाचा ट्रे चिकटायचा, मग मागची पाकिटं दिसेनाशी व्हायची, आणि शेवटी हात घालायला एक बीळ तेवढं उरायचं. खालच्या फ्रीजरमध्ये मात्र बर्फाची नुसती साय धरलेली असायची, बोटानं पुसता येईल इतकी.

ती तो साफ कशी करायची हे मला तोंडपाठ आहे, कारण मी पुष्कळदा तिथं चहा पीत बसून मनातल्या मनात चडफडत ते बघितलं आहे. दिवस ठरलेला, संकष्टी चतुर्थीचा. त्या दिवशी उपास, स्वयंपाक थोडा, फ्रीज रिकामा. सकाळी आधी प्लग काढायचा. आतलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यावर जुनी गोधडी. मग फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं एक पातेलं, त्याच्याखाली घडी केलेलं फडकं, आणि फ्रीजच्या पायाशी जुन्या चादरीचा बोळा, पाणी टिपायला. दार सताड उघडं. की बसली ही तांदूळ निवडत. घाई नाही, ठोकाठोक नाही. बर्फ आपला आपण सुटून पडायचा. मग खायच्या सोड्याचं कोमट पाणी करून आतून पुसायचं, दाराच्या रबराच्या घड्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढायच्या, पुन्हा साध्या पाण्याचं फडकं, पुन्हा कोरडं फडकं. पार सुकल्यावर प्लग लावायचा, आणि आत गारवा धरल्यावरच सामान परत ठेवायचं. संध्याकाळी चंद्र निघायच्या आत सगळं जागच्या जागी.

उपास मीही करते. पण माझा अर्धा दिवस साबुदाण्यात जातो आणि अर्धा चिडण्यात. एकदा तिनं मला अगदी साधेपणानं सांगितलंही होतं, "ताई, बर्फाले काही कराचंच नाही. तो आपोआप सुटते. आपण फक्त थांबाचं." बोलली काहीच वावगं नव्हती, तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थांबणं हे काय काम आहे का कोणाला शिकवायचं. मी चहाचा कप तसाच ठेवून वर निघून आले.

खरं सांगायचं तर भांडण फ्रीजचं नव्हतंच. भांडण माझ्या मुलीचं होतं, आणि भांडण तरी कसलं, मी एकटीच भांडत होते.

मला एकच मुलगी. जावेला दोन मुलगे. देवानं दोन दिले, तर बाईनं त्यांच्यावर भागवावं की नाही? पण माझी पोट्टी रांगायला लागली तीच जिन्याकडे. शाळेतून आली की खाली. मार्क कमी पडले की खाली. निकाल लागला तेव्हा पेढा आधी काकूच्या तोंडात, मग माझ्या. मी एकदा विचारलं, काहून वं, तुला आई नाही का? तर म्हणाली, आई, खालचं दार आधी लागते न. आता घराला जिना आहे आणि खालचं दार आधी लागतं, हे मलाही कळतं. पण पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं. आता ती नोकरीला पुण्यात आहे, वर्षातून एकदा उन्हाळ्यात आठवडाभर येते, आणि त्या आठवड्यात ती वर किती आणि खाली किती, हे माझं मन आपलं आपण मोजत बसतं.

तिच्या त्या आठवड्यासाठी मी राखून ठेवते ते म्हणजे सोले. तुरीच्या ओल्या शेंगांतले हिरवे दाणे, त्याला आम्ही सोले म्हणतो. थंडीत सासूबाईंच्या माहेराहून शेंगांचं पोतं येतं, अजूनही येतं. ते गच्चीवर ओतायचं आणि उन्हात पाय पसरून आम्ही दोघी जावा सोलत बसायचं. गप्पा होतात, हसणं होतं, खोटं कशाला बोलू, तेवढे दिवस ती मला आवडतेही. मग वाटणी. एक ओंजळ वर, एक ओंजळ खाली, सासूबाईंनी घालून दिलेली. त्यात इकडचा दाणा तिकडे होत नाही. थंडीभर सोल्यांची आमटी, सोले-वांगं, सोलेभात, आणि एक वाटा उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये. कारण आमच्या पोट्टीला पुण्यात सगळं मिळतं, सोलेभात मिळत नाही. भर मे महिन्यात घाम पुसत ती सोलेभात खाते, वरून लसूण-मिरचीचं तेल, बाजूला कढी, आणि डोळे मिटून म्हणते, आता घरी आल्यासारखं वाटून राहिलं.

सोले दोघींचे एकाच पोत्यातले, तरी तिथंही माझं आणि तिचं वेगळं. ती सोले उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकते, पंच्यावर सुकवते, आणि छोट्या पाकिटांत एकेरी थर करून, हवा काढून, चपटी पाकिटं पाटीसारखी एकावर एक रचते. मी दुधाची मोठी पिशवी धुऊन घेते, त्यात सगळे कच्चे सोले कोंबते, गाठ मारते आणि ढकलते मागे. त्याचा गोळा होतो, दगडासारखा. मला त्यात कधी काही चूक वाटली नाही. दोघींचाही सोलेभात पोट्टी खायची, पण पहिला कोणाचा, हा प्रश्न दरवर्षी असायचाच. पहिलं ताट माझं असावं, माझ्या घरात, माझ्या हातचं, एवढंच माझं मागणं. दोन वर्षं आधी ती आली तेव्हा मी बाजारात गेले होते, आणि येऊन बघते तर ही खाली ताटावर बसलेली, बोटं चाटत. ते मी विसरले नव्हते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवार होता. मी भाजी घेऊन जिना चढत होते, घामानं चिंब, तर खालच्या दारातून जाऊ बाहेर आली. तोंडभर हसून म्हणाली, "ताई, पोट्टी येऊन राहिली न रविवारी."

मला माहीत नव्हतं. माझ्या पोटच्या पोरीचं येणं मला जिन्यात, भाजीची पिशवी हातात असताना, जावेकडून कळलं. मी म्हणाले, हो, मले माहीत आहे. आणि वर आले. पिशवी ओट्यावर आपटली तशी दोन वांगी खाली घरंगळली. नवरा पेपर वाचत होता, त्यानं पेपर आणखी वर धरला. मी त्याला म्हटलं, तुम्हाला माहीत होतं का? तो म्हणाला, काय? म्हणजे त्यालाही नव्हतं. तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं, पण राग काही उतरला नाही. पोरीला फोन करून खडसवावं असं मनात आलं, पण मग ते मला माहीत नव्हतं हे बाहेर पडलं असतं.

मग मी केलं काय, फ्रीजर उघडला. रविवारी पहिलं ताट माझंच, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आणि आत बघते तर मागची पिशवी दिसेनाच. सगळा पांढरा डोंगर. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसभर पाण्याचे कूलर चालतात, घरातली हवा ओलीगच्च होते, आणि फ्रीजचं दार उघडलं की ती ओल आत जाऊन बर्फ होऊन बसते. त्यात माझं झाकण लागत नाही. बर्फ वितळवायचं एक बटण होतं, ते केव्हाचं अडकून बसलेलं. माझे सोले त्या डोंगराच्या पोटात होते.

शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मी वर लिहिलंच आहे. प्लग, पातेलं, फडकं, आणि थांबाचं. मला ते शब्द आठवले आणि तिथंच सगळं बिघडलं. मी म्हटलं, नाही थांबत जा. ओट्यावर पोळी उलटायचा लोखंडी सराटा होता, तो घेतला, आणि बर्फावर घाव घालायला लागले. एका शेगडीवर पाणी उकळत ठेवलं होतं, तेही अर्धवट. नवरा उठून आला. म्हणाला, निदान प्लग तरी काढ वं, खाली पाणी झालं आहे. आणि त्यानंच तो काढला. म्हणाला, लोखंडानं नको करू, आतमध्ये नळ्या असतात. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. खरं तर बर्फ छान निघत होता. मोठमोठे कपचे खाली पडत होते, आणि प्रत्येक घावाबरोबर मला हलकं वाटत होतं. एका घावाला जिना, एका घावाला येऊन राहिली न, एका घावाला बोटं चाटत.

मग पिशवीचं टोक दिसलं. मी सराटा तिच्याखाली घातला आणि जोर लावून उचकटलं. पिशवी निघाली, बर्फाच्या लादीसकट. आणि मागून आवाज आला, सूं करून. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, बारीक, न थांबणारा.

मला काही कळायच्या आत नवऱ्यानं हात लांब करून शेगडी बंद केली. मग खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं. "पंख्याच्या, दिव्याच्या, कशाच्याच बटणाले हात नको लावू," म्हणाला, आणि मला दंडाला धरून गच्चीच्या जिन्यावर नेऊन बसवलं. बाहेरच्या गरम झळा तोंडावर येत होत्या. माझ्या मांडीवर सोल्यांचा गोळा, हातात सराटा. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

आवाज थांबला, घरातली हवा पुरती बदलली, तेव्हा आम्ही आत गेलो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, सराट्यानं आतली नळी फुटली असेल, गॅस गेला, आता सोमवारशिवाय येणं नाही, आणि आला तरी नीट होईलच असं नाही. उघडं असलेलं सगळं टाकून द्या, तोंड बांधलेलं चालेल. मी दह्याची वाटी फेकली, उरलेली आमटी फेकली. सोल्यांच्या पिशवीची गाठ शाबूत होती. पण मे महिन्यातलं नागपूर, शुक्रवारची दुपार, आणि पोरगी येणार रविवारी.

नवरा हळूच म्हणाला, खाली ठेवू. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तिच्याकडे कशी जाऊ मी? माझी पोरगी येणार हे तिनं मला सांगावं, आणि मी माझे सोले घेऊन तिच्या दारात उभं राहावं की माझ्यानं फ्रीजर फुटला, तुझ्याकडं ठेव? मी फुटलेला बर्फ पातेल्यात भरला, त्यात पिशवी रुतवली, वर गोधडी गुंडाळली आणि ते कूलरसमोर ठेवलं. थोड्या वेळानं बघितलं तर गोधडीखालून पाणी. बर्फवाल्याकडून लादी आणायची म्हटलं, तर एवढ्या उन्हात नवऱ्याला पाठवायचं आणि ती दोन दिवस पुरवायची. माझा जीव नुसता वरखाली होत होता. शेवटी डोकं दुखायला लागलं म्हणून मी अंगावर पाणी घ्यायला गेले. बाहेर येऊन बघते तर पातेलं रिकामं, गोधडी घडी करून ठेवलेली, आणि नवरा निर्विकारपणे पेपर वाचतोय.

मी ओल्या केसांनी खाली गेले. भांडायलाच गेले होते, कोणाशी ते ठरलं नव्हतं.

जाऊ स्वयंपाकघरात होती. तिच्या ओट्यावर मोठी परात, आणि परातीत तिची ती चपटी पाकिटं, एकावर एक नाही, शेजारी शेजारी पसरलेली. पाकिटांवर पाण्याचे थेंब जमले होते. आतले सोले हिरवेगार, काल सोलल्यासारखे. एक पाकीट फोडून तिनं दाणे पातेल्यात ओतलेही होते. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, तुमचा गोळा बसत नव्हता न ताई. बाकी सगळं सरकवून पाहिलं, पण मोठा आहे तो, वर बर्फ चिकटलेला. म्हणून माझे काढले. मग म्हणाली, आता हे सुटले की परत नाही गोठवाचे, खराब होतात. आज रात्री सगळ्यांसाठी सोलेभातच करते, तुम्ही पण खालीच या जेवाले.

मी तिच्या फ्रीजरचं दार उघडलं. आत स्वच्छ, कोरडं, पांढरं. आणि मधोमध माझा तो बेढब गोळा, दुधाच्या पिशवीतला, एकटाच.

ते सोले तिनं माझ्याच पोरीसाठी ठेवले होते. तिची दोन्ही पोरं सोल्यांना तोंड लावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. रविवारी तिनं ते केले असते, आणि पोट्टीनं डोळे मिटून खाल्ले असते. मी म्हणू शकले असते की राहू दे, माझे काढ, तुझे ठेव. तुझे चांगले आहेत, माझे कच्चे कोंबलेले. तिच्या पाकिटांतले अजून कडक होते, वेळ गेली नव्हती. मी काही म्हटलं नाही. उलट मला आनंद झाला. उकळी फुटावी तसा झाला. आता रविवारी फक्त माझा सोलेभात, वर, माझ्या ताटात. तिला काय वाटलं असेल हा विचार मनात येत होता, तो मी मागे ढकलला. एवढंच विचारलं, काहून काढले तुझे? तर तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, पातेल्यात चमचा फिरवत म्हणाली, "तुम्ही आई आहात न तिची."

रात्री आम्ही खाली जेवलो. सोलेभात कसा झाला होता ते मी सांगणार नाही. दोनदा घेतला, यावरून समजा. दाणा न् दाणा हिरवा, दाताखाली मऊ, फुटलेला एक नाही. दीर म्हणाला, वहिनी, आज फार गप्प आहात. मी म्हटलं, उन्हानं. आणि खरी जळजळ मला तिथं झाली, त्या ताटावर. इतकी वर्षं मी तिच्या फ्रीजवर जळले, तिच्या धीरावर जळले, माझी पोरगी तिच्याकडे पळते म्हणून जळले. आता ती आपला वाटा सोडून मोकळी झाली, आणि तेही तिलाच माझ्यापेक्षा चांगलं जमलं. भांडायला जागाच ठेवत नाही ही बाई. मी हात धुतले आणि वर आले.

रविवारी सकाळपासून मी गॅलरीत. सोल्यांचा गोळा खालून आणून सुटायला ठेवला होता, पोरगी यायच्या सुमाराला भात शिजत आला होता. ऑटो आला. पोट्टी उतरली, पाठीवर भलीमोठी बॅग, वाळली होती बिचारी. मी हाक मारणार तेवढ्यात ती खालच्या दारात शिरली. मी कठड्याला धरून उभी राहिले. तिचं हसणं ऐकू आलं, जावेचं हसणं ऐकू आलं. आणि मग लगेच, चप्पल काढायलाही वेळ गेला नसेल, जावेचा आवाज, आधी वर जा, आई वाट पाहून राहिली. पोट्टी धडाधड जिना चढून आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला घट्ट धरलं. पण तिला वर पाठवलं कोणी, हेही मला ऐकू आलं होतंच.

मी विचारलंच शेवटी, मला नाही सांगितलं काहून येणार ते? ती बॅग उघडत होती, मान वर न करता म्हणाली, तुले सांगितलं की तू आधीपासून घर डोक्यावर घेते, आई. हे धुव, ते पूस, बाबांवर चिड. काकूले म्हटलं फक्त, आईले ऐन वेळेवर सांग. सोमवारी यायचा होता तो दुरुस्तीवाला माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मी भात बघायला आत गेले.

दुपारी नवऱ्यानं खालच्यांनाही वर बोलावलं. दीर दुकानात होता, जाऊ एकटीच आली, कढीचं पातेलं घेऊन. ताटं मांडली. पोट्टीला पहिलं ताट, माझ्या घरात, माझ्या हातचं. तिनं भात कालवला, वर तेल घेतलं, घास घेतला. मी बघत होते. सोले काळपट पडले होते, काही दाणे आत टणक राहिले होते, मला भात शेगडीवर असतानाच कळलं होतं. पोरगी चांगली आहे, ती मस्त झाला म्हणाली आणि खात राहिली. पण डोळे मिटले नाहीत तिनं.

मग ती जावेकडे वळून म्हणाली, काकू, तुझे सोले उद्या न? जाऊ कढी वाढत होती. तिनं वाटी भरली. म्हणाली, "या साली नाहीत वं. खराब झाले माझे. फ्रीजर साफ कराचाच राहून गेला."

पोट्टी हसायला लागली. तुझा फ्रीजर? म्हणाली. आणि मग हसत हसतच, काही मनात नसताना, "तू पण आईसारखी झाली काय आता?"

नवरा ताटात बघायला लागला. जाऊ हसली, म्हातारी झाली मी, असं काहीतरी म्हणाली. आणि माझं डोकं सणकलं. मला जे म्हटलं त्यानं नाही, तेवढं तर मी कमावलेलंच आहे. पण हिला? हिला म्हणायचं? पातेल्याखालचं घडी केलेलं फडकं, रबरावरचा तो ब्रश, सुकेपर्यंत उघडं ठेवलेलं दार, हे बघत मी वर्षं काढली आहेत, एकेक गोष्ट डोळ्यांत खुपवून घेतली आहे. त्या बाईचा फ्रीजर घाण होता, हे माझ्यासमोर कोणी म्हणायचं नाही. तिनं स्वतःही नाही.

"खोटं बोलून राहिली ती," मी म्हटलं. "तिच्या फ्रीजरमध्ये आजवर एक दाणा खराब झाला नाही. खराब मी केलं. माझा फ्रीजर मी सराट्यानं फोडला. माझा हा गोळा ठेवाले तिनं तुझ्यासाठी राखलेले सोले बाहेर काढले, अन् ते आम्ही खाल्ले शुक्रवारी. मी दोनदा घेतले."

पोट्टी माझ्याकडे बघत राहिली, मग काकूकडे. आणि उष्ट्या हातानं उठली, आणि काकूच्या गळ्यात पडली. काकूच्याच. जावेच्या हातात कढीचा डाव तसाच राहिला, दुसऱ्या हातानं तिनं पोरीच्या पाठीवर थोपटलं. तिचे डोळे भरले होते. मी भाताचं पातेलं घेऊन समोर उभी. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती, ते माझ्याच तोंडानं मी माझ्याच घरात घडवून आणलं होतं.

पोरीच्या खांद्यावरून जाऊ म्हणाली, ताई, तुम्ही बसा न आता, मी वाढते. मी म्हटलं, काहून? माझं घर आहे, मीच वाढीन. तू बस तिच्याजवळ. पोट्टीच्या शेजारचा पाट मी माझ्यासाठी मांडला होता. तिथं जावेला बसवलं आणि तिच्या ताटात भात वाढला. लसणाचं तेल तिला जास्त लागतं, मिरची वगळून. मी चमच्यानं लसूण तेवढा निवडून तिच्या भातावर घातला.